पेटी नंबर एक

झाकण उघडायच्या आधी पेटीला कान लावायचा,
इनास म्हणाला.
मी लावला.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
हेडफोनखाली गेलेला उजवा कान.
आत ट्रंककॉलची वेळ होती,
सगळ्या एकदम बोलत होत्या
आणि कुणीच कुणाला थांबवून ठेवत नव्हतं.

सातेरी. सात पोळी बांधते म्हणून सातेरी म्हणे.
माझ्यावाल्यांनी साडेतीन बांधली.
कन्नमवार नगरची गच्ची, पाण्याच्या टाकीची सावली,
पलीकडे खाडी आणि कांदळवन.
तिकडून काय आणतात ते त्यांनाच माहीत,
पायांना पिवळं लागलेलं असतं.

सोसायटीची सभा भरली.
नियमात लिहिलंय, गच्चीवर जनावर पाळू नये.
माशी जनावर आहे का, यावर पाऊण तास.
शेवटी चिटणीस खानोलकर म्हणाले,
मध निघाला तर बघू.

लसूण त्याच आठवड्यात लावली,
मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात.
तीनदा धुतलं तरी खोका बोंबलाचाच राहिला.
पहिली ओळ उलटी खोवली, शेंडा खाली.
पाकळीलाही वर-खाली असतं
हे सोलताना कधी लक्षात आलं नव्हतं,
आणि मी जन्मभर सोलतेय.
नवव्या दिवशी उलट्या ओळीतूनही पात आली,
जरा उशिरा, मानेत बाक घेऊन.
हेडफोनवाल्यांची मान अशीच असते.

मग तो रविवार.
चटणीसाठी लसूण ठेचली आणि तेच हात घेऊन गच्चीवर गेले.
काथ्याचा धूर दिला, चौकट उचलली,
आणि आतला सूर बदलला.
बदललेला सूर मला कळला. हात मागे घ्यायचं कळलं नाही.
नेमकी उजव्या कानाच्या पाळीवर.
काटा चिमटीत धरायचा नाही, नखाने खरवडायचा,
हे इनासने फोनवर सांगितलं,
मी चिमटीत धरून काढल्यावर.
तीन दिवस लाइन बंद.

मार्चात एका मंगळवारी त्या गेल्या.
मी खाली दळण आणायला गेले होते.
वर आले तर पेटी हलकी.
गोराईहून दोन बशी बदलून इनास आला,
चौकटी उन्हात धरून बघितल्या,
मुंग्या म्हणाला, उकाडा म्हणाला,
महापालिकेने डासांसाठी सोडलेला धूर म्हणाला.
चहा संपल्यावर म्हणाला,
कधी कधी नुसत्याच जातात.
खानोलकर जिन्यात भेटले.
मधाचं काय झालं, विचारलं नाही त्यांनी.
ते बरं केलं.

लसूण उपटली तेव्हा पाती पिवळ्या होऊन आडव्या.
गड्डी धरायला थंडी लागते,
आणि आमच्याकडे थंडी म्हणजे
दोन रात्री पंखा एकवर.
तेवीस लावल्या, नऊ निघाल्या,
गोट्यांएवढ्या, प्रत्येकीत एकच पाकळी.
भाजीवाली हौसाक्का म्हणाली, ही एककळी, औषधी,
दुप्पट भाव येतो.
सात मी फोडणीत घातल्या.
दोन फ्रिजमध्ये आहेत, दुधाच्या पिशव्यांमागे.
तिथे महिनाभर हिवाळा दाखवायचा
आणि दिवाळीनंतर परत लावायच्या,
शेंडा वर.

पेटी धुवायची नाही, इनासने बजावलंय.
जुन्या मेणाचा वास म्हणजे पत्ता.
मी आतून तेच मेण चोळून ठेवलंय
आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.

काल एक आली.
दारात थांबली, आत गेली,
कडेकडेने चालत राहिली, भाडेकरू चालतो तशी,
मग बाहेर येऊन खाडीच्या दिशेने गेली.
मी साबणाने हात धुऊन बसले होते.
तिने पुढे कुणाला काय कळवलं
ते मला माहीत नाही.
आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं,
लाइन जोडून द्यायची,
ऐकत बसायचं नाही.